अंगण खरंच वाकडं आहे का? बेस गिटारचं सेटअप, सामान आणि सराव

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण नवशिक्या बेसवाल्याला लावताना जरा थांबावं लागतं, कारण त्याचं अंगण बहुतेक वेळा खरंच वाकडं असतं. माझ्या पहिल्या बेसच्या तारा बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची, बेसच्या मानेवरची, धातूची आडवी पट्टी) जवळजवळ पाच मिलिमीटर वर होत्या. हे जास्त आहे असं सांगणारं कोणी नव्हतं. करंगळी सूर धरेना, अर्ध्या तासात मनगट भरून यायचं, आणि मी समजत राहिलो की आपले हातच बेसचे नाहीत. वर्षभराने एका जाणत्या मित्राने तो मांडीवर घेतला, एक डोळा मिटून नेकवरून नजर टाकली, ॲलन की (षटकोनी टोकाची किल्ली) मागितली आणि थोड्या वेळाने परत दिला. बेस तोच, तारा त्याच. त्या संध्याकाळी करंगळीने धरलेला सूर पहिल्यांदा स्वच्छ वाजला.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी अंगण सरळ करायचं, मग नाचायचं, आणि नवं सामान घ्यायचा विचार त्यानंतर.

बेस निवडताना

दुकानात चेहरे शंभर दिसले तरी मुख्य घराणी दोनच. १९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस आणला. उभ्या डबल बेसवर सूर कानाने शोधावा लागायचा, इथे फ्रेटमुळे तो नेमका मिळू लागला, म्हणून ते नाव. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप (तारांची थरथर टिपणारा चुंबकी भाग) आला आणि तोच आजपर्यंत टिकून आहे. १९६० च्या जॅझ बेसवर दोन वेगळे पिकअप आहेत आणि नटापाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) नेक अरुंद आहे, साधारण ३८ मिलिमीटर. आजचे बहुतेक चार-तारी बेस या दोहोंपैकी एकाचे, नाहीतर दोघांच्या मिश्रणाचे. प्रिसिजनचा आवाज एकच, पण बँडमध्ये ठाम बसणारा. जॅझमध्ये फिरवायला जागा जास्त. मात्र जॅझ बेसच्या एका पिकअपचा आवाज कमी केला की बारीक गुणगुण सुरू होते. तो बिघाड नव्हे. दोन्ही पिकअप सारख्या आवाजावर असले की एकमेकांची गुणगुण खोडून काढतात, एवढाच तो प्रकार.

तारेची वाजती लांबी बहुतेक बेसवर ३४ इंच असते. हात लहान असेल तर ३० इंची बेस घ्यायला लाजू नका. पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर ३० इंचीच आहे. पाचवी तार मात्र सुरुवातीला नको. तिचा मोकळा सूर सुमारे ३१ हर्ट्झचा, छोट्या स्पीकरवर तो धड ऐकूही येत नाही आणि दाबून ठेवायला एक तार वाढते.

वापरलेला बेस घेत असाल तर हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांच्या टोकाच्या बाजूने नेककडे बघा. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या असतील तर हरकत नाही, ते सुधारता येतं. एक कड वर आणि दुसरी खाली, म्हणजे नेकला पीळ पडलेला असेल, तर सौदा तिथेच सोडा. प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट एकदा वाजवून पाहा. जॅक हलवून आणि सगळ्या नॉब फिरवून खरखर येते का तेही ऐका. खरखर दुरुस्त होते, पीळ होत नाही.

सेटअप: क्रम मोडू नका

तारा, मग नेकचा बाक, मग तारांची उंची, मग बाराव्या फ्रेटचा सूर, शेवटी पिकअप. प्रत्येक पायरी पुढचीवर परिणाम करते. मधूनच सुरुवात केली की तेच काम दोनदा करावं लागतं.

हत्यारं फार लागत नाहीत: ट्यूनर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, एक स्क्रूड्रायव्हर आणि बेसला नेमक्या बसणाऱ्या ॲलन की. ‘नेमक्या’ला महत्त्व आहे. इंचाच्या मापाच्या खोबणीत मिलिमीटरची की ‘जवळपास’ बसते, जोर लावला की खोबणीचे कोपरे झिजवते, आणि मग ती दुरुस्ती घरची राहत नाही.

*तारा.* राउंडवाउंड तारा खणखणीत वाजतात, त्यांचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि बोट सरकताना आवाज येतो. फ्लॅटवाउंड गुळगुळीत, आवाज गोल आणि ठोक्यासारखा. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांवर बेस वाजवणारा जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड वापरायचा आणि तुटल्याशिवाय तारा बदलत नसे. पण त्याला त्या आवाजाचं काय करायचं ते ठाऊक होतं, हे लक्षात ठेवून आपण पहिल्या वर्षी राउंडवाउंडच घ्याव्यात. जाडी ४५ ते १०५, म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या ४५ हजारांश आणि सर्वांत जाड १०५ हजारांश. १०० चा संचही चालेल.

चढवताना तार ब्रिजमधून (तारा अडकवायचा खालचा धातूचा भाग) ओवून खुंटीपर्यंत ताणून धरा. खुंटीच्या पुढे साधारण दहा-बारा सेंटीमीटर ठेवून तिथे ती पक्कडीने काटकोनात वाकवा. वाकवल्यानंतरच, वाकाच्या पुढे एक-दीड सेंटीमीटर सोडून कापा. मी एकदा आधी कापली. नवीकोरी ई तार (चारांतली सर्वांत जाड; मग ए, डी आणि सर्वांत बारीक जी), बाहेरचा वेढा टोकाकडून सैल झाला आणि तार संपूर्ण लांबीभर मुकी वाजायला लागली, ओल्या दोरीसारखी. वाकवलेलं टोक खुंटीच्या मधल्या भोकात घाला आणि वेढे वरून खाली जाऊ द्या. दोन-तीन पुरेत. तार खुंटीवर जितकी खाली उतरते तितकी नटावर दाबून बसते.

सुरात लावलं की नव्या तारा बाराव्या फ्रेटपाशी हलकेच वर ओढा, पुन्हा लावा, पुन्हा ओढा. सूर उतरायचा थांबेपर्यंत हे करा. मग प्रत्येक तार ब्रिजच्या सॅडलला (तार जिच्यावर टेकते ती छोटी सरकती घोडी) लागून अंगठ्याने खाली दाबा, म्हणजे ती तिथे कमानीसारखी न राहता सरळ निघते. हे फार कमी जण करतात आणि पुढे सूर जुळत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

ई तारेवर ट्यूनरचा काटा भरकटत असेल तर तो ट्यूनरचा दोष नाही. ४१ हर्ट्झचा सूर पकडणं त्याला जड जातं. टोनची नॉब बंद करा, तार नेकजवळ हलकी छेडा किंवा बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता, नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) वाजवा. काटा स्थिर होतो.

*नेकचा बाक.* चार तारांचा एकूण ताण सुमारे ८० किलोंच्या घरात जातो. त्या ओढीने नेक पुढे वाकू पाहते आणि आतली ट्रस रॉड तिला मागे धरते. नेक अगदी सपाट नको असते, किंचित खोलगट हवी, कारण थरथरणाऱ्या तारेला मधल्या भागात जागा जास्त लागते.

मोजायचं असं: बेस वाजवताना धरतो तसा धरा, झोपवू नका. ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपोने (तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) किंवा बोटाने दाबा आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर. आता ती तार म्हणजे तुमची सरळपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली फट किती ते बघा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर सहा-तारी गिटारच्या जुन्या तारांचे तुकडे कामाला येतात. दहा हजारांशाची तार ०.२५ मिलिमीटर आणि तेरा हजारांशाची ०.३३. पहिली सरकून जावी, दुसरी जेमतेम अडावी.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने फिरवा, की घालायच्या टोकाकडे तोंड करून. नेक सरळ होते. फट नसेलच तर उलट. एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक वेळी पुन्हा सुरात लावा आणि पुन्हा मोजा. लाकूड सावकाश हलतं, म्हणून संध्याकाळी फिरवून सकाळी मोजलं तर आकडा थोडा वेगळा निघू शकतो. रॉड हट्टाने अडून बसली तर थांबा. तिथे जोर लावणं म्हणजे पाव वळशासाठी अख्खी नेक पणाला लावणं.

आणि एक गैरसमज इथेच मोडून टाकू. तारा खाली आणायला ट्रस रॉड फिरवत नाहीत. उंची सॅडलवर ठरते, रॉड फक्त बाकासाठी.

*तारांची उंची.* सतराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. ई तारेखाली २.४ आणि जी तारेखाली २ मिलिमीटर ही सुरुवातीला चांगली मापं आहेत. फ्रेटबोर्डची गोलाई जुन्या पद्धतीची, जास्त असेल तर दोन्हीकडे ०.४ वाढवा. ए आणि डी तारा मधे अशा ठेवा की चारही मिळून फ्रेटबोर्डच्या गोलाईची नक्कल होईल. हात जोरकस असेल तर तारा थोड्या वर लागतात. इथे ‘बरोबर’ उंची अशी काही नसते. दुसऱ्याची दोन मिलिमीटर ऐकून आपली तेवढीच करायला गेलात तर खडखड पदरी येईल.

खडखडीवरून दोष बराचसा ओळखता येतो. मोकळी तारच खडखडत असेल तर नटाची खाच खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच होत असेल तर बाक कमी आहे. बाराव्याच्या वर होत असेल तर तारा खाली आहेत. नेमक्या एकाच जागी होत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे. नट कोरणं आणि फ्रेट घासणं मी स्वतः करत नाही, तुम्हीही पहिल्याच बेसवर करू नका. ते गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं काम. आणखी एक, अँपमधून ऐका. नुसत्या लाकडातून येणाऱ्या आणि अँपमध्ये न पोचणाऱ्या खडखडीमागे झोप घालवू नये. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा सूर लवकर विझत असेल तर तेही मनाला लावून घेऊ नका. स्क्रूने जोडलेल्या नेकच्या पुष्कळ बेसवर अशी मेलेली जागा असते.

*बाराव्या फ्रेटचा सूर.* हार्मोनिक वाजवा, मग तोच फ्रेट हलक्या हाताने दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे घ्या, म्हणजे तार लांब करा. उतरलेला असेल तर पुढे. सॅडल सरकवण्याआधी तार थोडी सैल करा, नाहीतर स्क्रूचं डोकं जातं. काम संपल्यावर चारही सॅडल जिन्यासारखी दिसतात, ई सर्वांत मागे. हे सगळं नव्या तारांवरच. जुन्या तारांवर सूर जुळवणं म्हणजे झिजलेल्या पट्टीने मोजणं.

*पिकअप.* तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपपासून अंतर ई खाली सुमारे ३ आणि जी खाली अडीच मिलिमीटर ठेवा, मग कानाने ठरवा. फार जवळ नेलात तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळतो.

अँप आणि बाकीचं सामान

इथे मी आखडता हात घेणार आहे. घरी सरावाला १५ ते ३० वॉटचा छोटा बेस अँप किंवा हेडफोनची सोय असलेलं काहीही चालतं. खऱ्या ड्रमरबरोबर वाजवायचं झालं तर मात्र २००-३०० वॉट लागतात. ही चैन नव्हे. खालचे सूर कानाला तेवढ्याच जोरात वाटायला ताकद कितीतरी जास्त लागते. गिटारच्या अँपवर बेस हळू आवाजात चालतो, मोठ्या आवाजात त्याचा स्पीकर फाटू शकतो.

वेगळं हेड (नुसता अँप) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) जोडणार असाल तर ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युतरोध, बघा. आठ-आठ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की अँपला चार ओहम दिसतात. अँपवर किमान चार लिहिलं असेल तर तिसरं जोडायचं नाही. आणि अँप-स्पीकरच्या मधे स्पीकरचीच केबल. बेसची केबल दिसायला तशीच असते, पण आतून बारीक असते आणि तापते.

एकट्याने वाजवताना गोड लागणारा आवाज बँडमध्ये हरवतो, हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं. घरी आपण मधले सूर कापतो आणि खालचे-वरचे वाढवतो. बँडमध्ये खाली ड्रम असतो, वर झांजा आणि गिटार, मधली जागा आपणच रिकामी केलेली असते. ४०० ते ८०० हर्ट्झच्या आसपासचा भाग परत आणा. आवाज न वाढवता बेस ऐकू येऊ लागतो.

पैसे कुठे घालावेत असं कोणी विचारलं तर मी रुंद, जड पट्टा सांगतो. त्यानंतर केबल आणि ट्यूनर. इफेक्ट पेडल यादीत बरंच खाली.

आता हात

पट्टा असा बांधा की बसल्यावर आणि उभं राहिल्यावर बेस छातीशी एकाच उंचीवर राहील. गुडघ्याशी लोंबणारा बेस फोटोत छान दिसतो. मनगट मात्र काटकोनात मुडपतं आणि दुखणं तिथून सुरू होतं.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. तार वर उचकटायची नाही, बोट तारेतून ढकलत न्यायचं, ते पुढच्या तारेवर जाऊन टेकतं. अंगठा सुरुवातीला पिकअपवर. जेमरसनने सगळं एका तर्जनीने वाजवलं आणि स्टुडिओत वाजवणाऱ्या कॅरल केने पिक वापरून, तेव्हा ‘खरा बेस बोटांनीच’ हा वाद मला पोरकट वाटतो. पण शिकताना एक पद्धत धरून ठेवा.

डाव्या हाताने खालच्या फ्रेटवर चार बोटं चार फ्रेटना ताणायची गरज नाही. डबल बेसवाले पूर्वापार पहिलं, दुसरं आणि चौथं बोट एवढ्यातच लागोपाठचे तीन सूर धरतात, अनामिका करंगळीला आधार देते. पाचव्या-सातव्याच्या वर गेलात की प्रत्येक फ्रेटला एक बोट सहज बसतं. बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकवा, दोन फ्रेटच्या मधोमध नाही. दाबायला लागणारी ताकद निम्म्यावर येते. किती दाबायचं ते पाहायचं असेल तर तारेवर बोट नुसतं ठेवून वाजवत राहा आणि हळूहळू दाब वाढवा. सूर स्वच्छ झाला की तिथे थांबा. आपण याच्या दुप्पट दाबत होतो हे लक्षात येईल.

याहून मोठी गोष्ट म्हणजे सूर थांबवणं. बेसवर न वाजवलेल्या ताराही गुणगुणत राहतात आणि खर्जातली गुणगुण सगळं गढूळ करते. जी तारेवर वाजवताना उजवा अंगठा ई-ए वर विसावू द्या, डाव्या हाताची सपाट बोटं उरलेल्या तारांना स्पर्श करून राहू द्या. रेकॉर्ड करून ऐका. सुरुवातीला आपलं रेकॉर्डिंग ऐकवत नाही आणि त्याचं कारण चुकीचे सूर क्वचितच असतं. बहुतेक वेळा सूर बरोबर असतात, ते संपायला हवे तिथे संपत नाहीत.

रोजची अर्धी-पाऊण तासाची बैठक माझ्याकडे अशी असते. मेट्रोनोम ६० वर, एकच तार, एकच सूर, दर ठोक्याला एक. सूर पुढच्या ठोक्यापर्यंत पूर्ण धरायचा. मग तोच सूर अर्ध्या मात्रेत तोडायचा, उरलेली अर्धी मात्रा निखळ शांतता. पाच मिनिटं. कंटाळवाणं वाटतं, पण बोटं सगळी गुपितं इथेच बाहेर काढतात. मधलं बोट तर्जनीपेक्षा हळू वाजतं हे मला असंच कळलं. नंतर मेट्रोनोम ४० वर आणून त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मानायचा. पहिली आणि तिसरी मात्रा आपण सांभाळायची. पहिल्या दिवशी आपण सतत पुढे पळतो. तिथेच राहा.

मग आकार. तारा सगळ्या सुरांच्या सारख्याच अंतरावर लावलेल्या असल्यामुळे एक आकार सगळीकडे चालतो. कुठलाही सूर घ्या: त्याचा पंचम पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर, त्याचा वरचा षड्ज दोन तारा सोडून पलीकडे नव्हे, तर एक तार ओलांडून पलीकडच्या तारेवर दोन फ्रेट वर. ई तारेवर तिसरा फ्रेट म्हणजे जी, पंचम ए तारेवर पाचवा, वरचा जी डी तारेवर पाचवा. एवढ्यावर कितीतरी गाण्यांची साथ होते. ई आणि ए तारेवरच्या पाचव्या फ्रेटपर्यंतच्या सुरांची नावं तोंडपाठ करा, उरलेलं फ्रेटबोर्ड याच आकाराने उघडत जातं.

शेवटची दहा मिनिटं एका गाण्याची, कानाने. लिहिलेला टॅब (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट ते आकड्यांत लिहिलेली चाल) बघायचा नाही. एक ओळ लावा, बंद करा, बेसची चाल तोंडाने गुणगुणा, मगच बोटं लावा. फोनच्या स्पीकरवर बेस शोधू नका. तिथे ई तारेचा मूळ सूर वाजतच नाही, वरच्या अंशांवरून मेंदू तो ओळखून घेतो आणि अंदाज फसतो. हेडफोन घाला. गाण्यातला बेस ड्रमच्या कुठल्या ठोक्याला चिकटून चालतो ते बघा, बहुतेकदा पायाच्या ड्रमला. ते कळलं की सूर शोधणं निम्मं सोपं होतं.

झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने खालून-वरून पुसा, घामाने त्या लवकर मरतात. बेस पेटीत बंद न करता स्टँडवर दिसेल असा ठेवा, पण उन्हात नाही. हवामान बदललं, दमट वा कोरडं झालं, की गिटारच्या तारेचे ते दोन तुकडे काढून बाक एकदा मोजा. बेस ॲक्टिव्ह असेल, म्हणजे आत नऊ व्होल्टची बॅटरी असेल, तर जॅक काढून ठेवा. जॅक आत राहिला की रात्रभर बॅटरी चालू राहते, आणि आवाज फाटायला लागल्यावर माणूस आधी अँप उघडून बघतो.